बहादरपूरच्या वळणावरचे खांब

१

अनंत उस्तादाचा घोटा मोडला यात उखर्डूचा फायदा किती, हे मनकर्णाबाईंनी बोटांवर मोजलं. तेही चांगलं मोठ्यानं.

"एक, आता त्या नॉर्टन फटफटीवर बसण्याजोगा दुसरा माणूस या गावात तोच. दोन, परवाची शर्यत जिंकली तर फटफट्यांची एजन्सी आपल्या दुकानाला, आणि जिंकणारा त्या दुकानाचा मॅनेजर. तीन, केळीला पाणी धरण्यातून जन्माची सुटका. एका घोट्यात तीन कामं. स्वस्तात पडलं म्हणायचं!"

बाई कच्ची केळी चिरत होत्या. हातांना तेल चोपडलेलं, पुढ्यात मिठाच्या पाण्याचं पातेलं. समोर त्यांचा धाकटा भाऊ मोतीलाल शेठ येरझाऱ्या घालत होता. सरकीपासून सरकारपर्यंत सगळ्यांशी भाव करणारा हा माणूस, आज त्याला पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

"जिजी, तुला थट्टा सुचते!"

"मी थट्टा करत नाही. मोजते आहे."

गेल्या वर्षी शेजारचं एक संस्थान विलीन झालं आणि राजाच्या गॅरेजातल्या गाड्या विकायला निघाल्या. मोतीलालनं नॉर्टन घेतली. बैलाबरोबर गळ्यातली घंटा यावी तसा तिच्याबरोबर अनंत उस्ताद आला. राजासाठी त्यानं मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत शर्यती मारल्या होत्या. राज्य गेलं, तरी खिशावर राजचिन्ह असलेला त्याचा पांढरा ड्रिलचा कोट शाबूत होता. त्यावर कधी माशी बसलेली कोणी पाहिली नाही.

सव्वीस जानेवारीला देश प्रजासत्ताक होणार, म्हणून बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांनी शर्यत ठेवली होती. शनवारा दरवाज्यापासून असीरगडच्या पायथ्याशी जायचं आणि परत यायचं. ज्याची गाडी पहिली, त्याला निमाडची एजन्सी, असा मुंबईच्या एका कंपनीचा शब्द होता.

आणि आज सकाळी बहादरपूरच्या रस्त्यावर सराव करताना, वळणावर, केळीचे दोन कापलेले खांब आडवे पडलेले. चाक त्यांच्यावरून सटकलं. उस्ताद उजव्या अंगावर आपटला, पाय गाडीखाली गेला. मागून लहान गाडीवर येणाऱ्या सुधाकरनं, म्हणजे मोतीलालच्या मुलानं, खांब बाजूला फेकले आणि त्याला टांग्यात घालून घरी आणलं.

दोघांना उतरवून घेतलं ते मनकर्णाबाईंनीच. सुधाकरचा पांढरा सदरा पोटावर नुसता पाण्यानं भिजल्यासारखा ओला. उस्तादाच्या कोटाचा उजवा कोपर फाटलेला आणि डाव्या खांद्यावर तपकिरी ओघळ. रक्त वाटलं म्हणून बाईंनी डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूला साधं खरचटलेलंसुद्धा नाही. घोटा मात्र खरोखरच मोडला आहे. त्यांनी प्लास्टर घातलं आणि गेले.

"खांब उखर्डूच्याच बागेतले," मोतीलाल म्हणाला. "दोनदा आला होता माझ्याकडे. बर्मात फौजेची डाक फटफटीवरून नेली म्हणतो. 'शेठ, एकदा बसू द्या.' मी नाही म्हटलं."

"मग चौथं बोटही घे," बाई म्हणाल्या. "राग."

पायरीवर बसलेला सुधाकर उठला. आई नसलेला हा पोरगा बाईंच्याच हाताखाली वाढलेला. त्याच्या बुटांचा आवाज अंगणातून फाटकाकडे गेला. बाईंनी मान वर केली नाही. केळं संपवायचं होतं.

थोड्या वेळानं फाटकावरचा पंडित धावत आला. त्याचा एक हात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनच्या यंत्रात गेलेला, म्हणून धावताना तो एका बाजूला कलायचा.

"बाई! सुधाकरभाऊ दोन माणसं घेऊन गेले बहादरपूरकडे. हातात कोयते आहेत!"

२

माणसाला काही झालं नव्हतं. केळीला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिनच्या गोदामाकडे निघाल्या, तेव्हा पंडितनं वाटेत सगळं सांगितलं. रस्त्यालगतची अख्खी ओळ सुधाकरनं बुडख्यापासून उतरवली होती, घड अजून भरायचे होते. आणि उखर्डूला पकडून आणून इथं कोंडलं होतं. शर्यत झाली की चौकीवर.

"आणि गाडी कोण चालवणार?" बाईंनी विचारलं.

"सुधाकरभाऊच म्हणतात."

असीरगडच्या घाटातली वळणं त्यांनी टांग्यातून पाहिली होती. टांग्यातूनही त्यांनी डोळे मिटले होते. पोरगा त्या मोठ्या गाडीवर आजवर बसलाही नव्हता. उखर्डू चोर ठरला तर उद्या सुधाकर गाडीवर, आणि परवा कदाचित तिरडीवर. आणि उखर्डू चोर नसेल तर? मग दुसरा फायदा कोणाचा होता, हे मोजायची बाईंची छाती होईना.

पंडित एका हातानं कुलूप काढताना म्हणाला, "बाई, मला हे कुलूप लावायला आवडत नाही. पण ज्या घरानं हात गेल्यावर फाटकावर बसवलं, त्याला नाही कसं म्हणू?"

त्या घराचा नियमच तसा होता, थोरल्या शेठपासूनचा. कामावर अंग गेलं तर घर पोसणार. वयानं गेलं तर शेला आणि नारळ. पंडितचा हात यंत्रात गेला, तो फाटकावर बसला. बग्गीवाल्या झिपरूचे गुडघे मात्र आपोआप गेले, त्याला मागच्या दिवाळीत नारळ मिळाला.

उखर्डू कापसाच्या गठ्ठ्याला टेकून बसला होता. उठला नाही.

"या बाई. मोजायला आल्या? ऐकलं मी, चार बोटं झाली म्हणे."

बाई वरमल्या, पण दाखवलं नाही. "खांब तुझेच ना?"

"माझेच. परवा माल कापला, खांब बांधावर रचले. रस्त्यावर मी कशाला टाकू? रोज माझीच गाडी जाते त्या वळणावरून. माझे बैल पडले असते."

"मग कोणी टाकले?"

"बाहेरच्या माणसानं."

"कशावरून?"

"सुधाकरभाऊ मला ओढून नेत होते, तेव्हा पाहिलं मी. बांधापासून रस्त्यापर्यंत घसटल्याची रेघ नाही. आम्ही खांब ओढतो, बाई. पानाला धरायचं अन् ओढायचं. खांद्यावर कोण घेतो? चीक अंगभर होईल, कपडा जन्माचा वाया जाईल. हे खांब उचलून नेलेत. शेतकऱ्याचं काम नाही हे. कोण्या साहबाचं आहे."

बाईंनी आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं. त्यांच्या मनात काहीतरी हललं, पण हाती लागलं नाही.

"अजून एक," उखर्डू म्हणाला. "सरावाला मी रोज पाहत होतो. उस्ताद कायम सुधाकरभाऊच्या मागं असायचा. एवढा मोठा खिलाडी, अन् पोराची धूळ खातो. त्या दिवशी पहिल्यांदा पुढं निघाला."

बाई वळल्या. मागून तो म्हणाला, अगदी हळू, "बाई, घोटा जुळतो. कापलेल्या केळीला घड नाही लागत."

त्या दाराशी पोचल्या तोच अंगणातून मोतीलालची हाक आली. असा आवाज त्यांनी भावजय गेली त्या दिवशी ऐकला होता.

३

मोतीलाल दोरीजवळ उभा होता. हातात सुधाकरचा कालचा सदरा, धुऊन वाळलेला. पोटावर आणि दोन्ही बाह्यांवर तपकिरी डाग, जणू कोणी काताचं पाणी शिंपडलं होतं.

"हे केळीच्या चिकाचे डाग आहेत, जिजी. मी बुऱ्हाणपूरचा आहे, मला कळतात. खांब यानं टाकले! माझ्या पोरानं! गाडीवर बसायला मिळावं म्हणून!"

सुधाकर समोर उभा.

"बापू, कसम से, मी खांब उस्तादच्या पायाजवळून उचलून फेकले. तेव्हाच लागलं असेल. फुई, तू तरी सांग ना! तूच घेतलास ना सदरा?"

बापाच्या बहिणीला तो फुई म्हणायचा. काही हवं असलं की त्यातली ई लांबायची, आज नुसती थरथरत होती.

"उखर्डूची ओळ कापलीस तेव्हाही हाच सदरा होता का?" बाईंनी विचारलं.

"नाही. घरी आल्याबरोबर तुझ्याकडे धुवायला टाकला. कोयता घेतला तेव्हा खाकी होता अंगात."

"खोटं!" मोतीलाल ओरडला. "यानं सगळं आधी ठरवलं, आणि मग आळ दुसऱ्यावर ढकलून त्याची बाग कापली. मी स्वतः चौकीवर नेतो याला."

"ओरडू नकोस. मला आठवू दे."

बाईंनी सदरा हातात घेतला. काल हाच सदरा त्यांनी अंगणात धरला होता. ओला, पण पांढरा. चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, म्हणूनच नवखा माणूस फसतो. वाळला, साबण लागला, रात्र गेली, की मग तो रंग दाखवतो. पोरानं आदल्या दिवशी खांब वाहिले असते तर… पण काल सकाळी सदरा पांढरा होता. ओल काल सकाळचीच होती.

पोरगा निर्दोष होता. आणि त्याच क्षणी त्यांना दुसरा कपडा आठवला. त्याच खांबांवर, त्याच सकाळी पडलेला.

तो मात्र घरी आला तेव्हाच तपकिरी होता.

"मोती," त्या म्हणाल्या, "कोणालाही कुठेही नेऊ नकोस. मी उस्तादाला चहा देऊन येते."

४

उस्ताद ओसरीमागच्या खोलीत खाटेवर होता. प्लास्टरचा पाय उशीवर. कोट खुंटीला. बाई दारात उभ्या राहिल्या, अवाक्षर न काढता. उस्तादानं दाराकडे तोंड वळवलं आणि तसाच थांबला. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

"कौन? पंडित?"

बाई आत आल्या, कपबशी तिपाईवर ठेवली. बांगड्या वाजल्या.

"अरे, बाईसाहेब! माफ करा. झोपेत होतो."

त्याचा हात कपाकडे गेला, चार बोटं अलीकडे तिपाईवर टेकला, चाचपत पुढे सरकला आणि कपाच्या कानाला लागला. बाईंनी कोट खुंटीवरून काढला.

"कोट घाण झालाय तुमचा, उस्ताद."

"पडलो ना. धूळ असेल."

"उजवीकडे धूळ आहे, फाटलाही आहे. डावीकडे खांद्यावरून छातीपर्यंत मोठे तपकिरी पट्टे आहेत. एवढा टापटिपीचा माणूस, सकाळी हा कोट घालून बाहेर कसा पडला?"

उस्तादाचा कप ओठांशी थांबला.

"कुठले पट्टे?" त्यानं विचारलं. आणि विचारल्यावर त्याला कळलं की तो काय बोलून गेला.

बाई खाटेजवळच्या पाटावर बसल्या. बाहेर मोतीलालची पावलं वाजत होती.

"तुम्ही या मुलखातले नाही. खांब खांद्यावर घेतलेत. चीक पाण्यासारखा वाटला, वाळला, विसरलात. सकाळपर्यंत तो बोलायला लागला होता, पण तुम्हाला दिसला नाही. किती दिवस झाले दिसत नाही?"

"बाईसाहेब, घोटा खरा मोडलाय. डॉक्टरला विचारा. कोणी स्वतःचं हाड मोडतं का?"

"तिथेच मी अडले होते. नंतर उखर्डूनं सांगितलं, तुम्ही रोज पोराच्या मागून चालवायचात. समोरची पाठ आणि धूळ दिसली की तुम्हाला रस्ता कळायचा. त्या दिवशी मात्र पुढे निघालात, कारण पोरगा पुढे असता तर तो पडला असता. तेवढी माया ठेवलीत. पडायचं तुम्हालाच होतं, पण हळू. गाडी आडवी करून कण्हायचं, एवढंच. मग हाड कसं मोडलं?"

उस्ताद हसला, आणि ते हसू पाहवलं नाही.

"बाभळीची दोन झाडं आहेत वळणाआधी. पहिलं गेलं की गाडी हळू करायची, असं ठरवलं होतं. पहिलं मला दिसलंच नाही. दुसऱ्याला पहिलं समजलो. मीच टाकलेले खांब, आणि मीच पुऱ्या वेगात त्यांच्यावर!" त्यानं कप खाली ठेवला, या वेळी बरोबर बशीत. "डोळ्यांवर पडदा आलाय. सांगितलं असतं तर नारळ मिळाला असता. झिपरूला मिळाला तो मी पाहिला. आणि पंडितलाही रोज पाहतो. विचार केला, पंडित व्हावं."

"आणि उखर्डू?"

"त्याला काय? रस्त्यावर खांब घसरले, असंच वाटेल लोकांना. उद्या गाडीवर त्यालाच बसवा, बाईसाहेब. सुधाकर मरेल घाटात. हे मी उस्ताद म्हणून सांगतो."

"उखर्डू गोदामात कोंडलेला आहे. त्याची भरत आलेली ओळ सुधाकरनं कापून टाकली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

उस्तादानं प्लास्टरचा पाय उशीवरून खाली घेतला. वेदनेनं त्याचा चेहरा पिळवटला.

"कोट द्या," तो म्हणाला. "आणि पंडितला हाक मारा. मला अंगणात जायचंय."

५

पंडितच्या एकुलत्या हाताचा आधार घेऊन उस्ताद अंगणात आला आणि सगळ्यांसमोर बोलला. लांबण लावली नाही. "खांब मी टाकले. माझे डोळे गेलेत."

मोतीलाल खाली बसला. सुधाकर उस्तादाकडे पाहत राहिला, मग गोदामाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. उखर्डूला बाहेर आणलं. कुणीच त्याच्याकडे सरळ पाहीना.

"उखर्डू," मोतीलाल घसा साफ करत म्हणाला, "झालं ते झालं. उद्या तू बस गाडीवर."

"नाही बसणार."

"एजन्सी गेली तर घर बसेल माझं! मॅनेजर करतो तुला, लेखी देतो."

"काल चोर, आज मॅनेजर. शेठ, तुमचा भाव फार लवकर फिरतो."

आता सुधाकर पुढे आला. "बापू, मी बसतो. मी घाबरत नाही."

आणि हेच बाईंना नको होतं. पोराला आता शरमेनं मरायची घाई झाली होती. बाई उखर्डूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. या घरात त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"तुझं नुकसान भरून देता येत नाही, ते तूच सांगितलंस. पण हा पोरगा तुझ्या हातात आहे. काय घेशील ते सांग."

उखर्डूनं सुधाकरला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"घाटात याला मारून माझी केळ उभी राहणार आहे का? बसतो मी. पण दोन गोष्टी. शनवाऱ्याला लोकांसमोर शेठ सांगतील की खांब उखर्डूनं टाकले नाहीत. आणि हा, ज्या हातांनी कापलं त्या हातांनी नवी लागवड करेल, अन् घड येईपर्यंत पाणी देईल. रोज. चालत येऊन. फटफटीवर नाही."

"मंजूर," सुधाकर म्हणाला. आवाज आता पोरसवदा नव्हता.

"अन् उद्या गाडी ढकलून सुरू करायला मागं तूच."

राहिला उस्ताद. मोतीलालनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, पण उखर्डू त्याच्यासमोर थांबला. बाईंना वाटलं, आता मारतो.

"सरावाला इंजिनाचा आवाज जड येत होता," उखर्डू म्हणाला. "सकाळच्या गारव्यात धरेल. कानानं लावून द्या."

उस्ताद दिवसभर अंगणात गाडीशेजारी बसून होता, डोळे मिटून.

६

उखर्डूनं शर्यत मारली. असीरगडाहून परतताना दुसरी गाडी इतकी मागे होती, की लोकांना आधी वाटलं, दुसरी निघालीच नसावी. शनवाऱ्याच्या गर्दीत मोतीलालनं कबूल केल्याप्रमाणे सांगितलं. थोडं भरभर सांगितलं, पण सांगितलं.

मग जमाखर्च मांडायला मनकर्णाबाईंना वेळच वेळ मिळाला.

मोतीलालला एजन्सी मिळाली. त्याला नेहमीच मिळतं. प्लास्टर निघालं तसा उस्तादालाही त्यानं नियमाप्रमाणे शेला दिला. बाई दोनदा बोलल्या, त्यानं ऐकलं नाही. नारळ चुकवायला माणसानं घोटा दिला, शेवटी घोटाही गेला आणि नारळही पदरात पडला. लंगडत टांग्यात चढून स्टेशनकडे गेला तेव्हा कोट मागेच राहिला होता. पंडित फाटकात उभा राहून तो टांगा दिसेनासा होईपर्यंत पाहत होता.

सुधाकर रोज पहाटे चालत बहादरपूरला जायचा. एकेक करून त्याचे सगळे सदरे तपकिरी झाले. बाईंनी त्याला खांब ओढायला शिकव म्हणून उखर्डूला निरोप धाडला. उखर्डूनं उत्तर पाठवलं, "शिकवलं. पण त्याला खांद्यावरच घ्यायचे असतात."

उरली ती ओळ. उन्हाळ्यात बाई टांग्यातून शाहपूरच्या बाजाराला निघाल्या आणि मुद्दाम बहादरपूरचा रस्ता धरला. वळणावर टांगा थांबवला. आतल्या बागेत घड लटकत होते, रस्त्यालगत मात्र नव्या केळीची पिलं अजून गुडघाभरही नव्हती. दात पडल्यासारखी ती जागा लांबूनच दिसत होती. ही ओळ कोणाच्या नावावर मांडायची? कापली सुधाकरनं, पण तो फेडतो आहे. खांब उस्तादाचे, पण त्यानं कोयता उचलला नव्हता. कोयता हातात देणारी गोष्ट त्या सकाळी पायरीवर बसलेल्या पोराला ऐकू गेली होती. एक, दोन, तीन, आणि वर चौथं बोट.

"बाई, निघायचं?" टांगेवाल्यानं विचारलं.

"थांब जरा."

त्यांनी पदराखाली पाचवं बोट मुडपलं आणि स्वतःचं नाव घेतलं. या वेळी कुणाला ऐकू जाणार नाही, असं.